गळवाल्याचा प्रवर्ग कोणता?

हिंगोलीत मासे धरायला काही लागत नाही, असं जो म्हणतो तो एकतर फार भोळा आहे, किंवा त्याचा मेव्हणा मच्छीमार सोसायटीत आहे.

साहित्य म्हणाल तर खरंच काही लागत नाही. बांबूची काठी, बाजारातून आणलेला तंगूस, दोन गळ, तरंग्याला ज्वारीच्या ताटाचा तुकडा आणि मोरीमागची ओली माती उकरून काढलेली गांडुळं. अलीकडे शहरातली पोरं रीळवाली काठी ऑनलाइन मागवतात. तिच्या किमतीत घरच्यांना महिनाभर मासे खाऊ घालता आले असते, पण हौसेला कुणी हिशोब विचारू नये. रविवारी सिद्धेश्वरच्या काठाला, येलदरीच्या फुगवट्यावर, इसापूरच्या पाण्याकडेला ही मंडळी उकिडवी बसलेली दिसतात. त्यांना विचारून बघा, परवाना आहे का? आधी ते तुमच्या तोंडाकडे बघतील, मग तुमच्या पायांकडे. बूट तपकिरी असले की काठी गवतात गेलीच म्हणून समजा.

या जिल्ह्यात खिशातून मासे धरायचा परवाना काढून दाखवणारा गळवाला मला आजवर भेटलेला नाही. आधार कार्ड दाखवतात, गाडीचा परवाना दाखवतात, फारच झालं तर आमदारांबरोबरचा फोटो दाखवतात. तिसरा पुरावा पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त चालतो, हे सांगायला नको.

आता जरा साता समुद्रापलीकडे जाऊ. आपल्याकडची बरीच पोरं तिकडे आहेत आणि त्यांचे आईबाप सहा-सहा महिने नातवंडं सांभाळायला जाऊन येतात. न्यू जर्सीत गोड्या पाण्यात गळ टाकायचा तर वयाच्या सोळाव्या वर्षापासून परवाना लागतो. सत्तरी ओलांडलेल्या रहिवाशाला माफ. रहिवाशाला, हे लक्षात घ्या. वसमतहून गेलेले बाहत्तर वर्षांचे आजोबा एडिसनला मुलाकडे राहून तळ्यात गळ टाकू लागले, तर ते पाहुणे. त्यांना वयाची सवलत नाही, उलट परक्याचा जादा दर. इंग्लंडात तेराच्या आतल्या पोराला परवाना नको. तेरा ते सोळा वयाला लागतो, पण फुकट मिळतो. म्हणजे पैसे घ्यायचे नाहीत, पण कागद घ्यायला लावायचाच. ही वृत्ती आपल्या ओळखीची आहे, ती आपल्याला कुणी दिली तेही कळतं. तिथे विनापरवाना सापडलात तर दंड अडीच हजार पौंडांपर्यंत. शिवाय 15 मार्च ते 15 जून नद्यांवर गळाला सुट्टी. मासा अंडी घालतो तेव्हा त्याला त्रास देऊ नये म्हणून.

आणि एवढं करून परवाना म्हणजे परवानगी नव्हे. पाणी ज्याच्या मालकीचं, त्याची चिठ्ठी वेगळी घ्यायची. सरकारचा कागद एक, मालकाचा दुसरा.

इथे आम्ही हिंगोलीकर हसतो. कारण मालकाची चिठ्ठी घ्यायला आधी मालक सापडला पाहिजे.

धरणातला मासा नेमका कुणाचा, हा प्रश्न चार भावांच्या सामाईक सातबाऱ्याइतका गुंतलेला आहे. पाणी जलसंपदा विभागाचं. पाण्यातला मासा मत्स्यव्यवसाय विभागाच्या अखत्यारीत. त्यांनी तलाव पाच वर्षांच्या ठेक्याने दिला की मासा मच्छीमार सहकारी संस्थेचा. पाणी ओसरलं की उघडी पडणारी गाळपेर जमीन पुन्हा जलसंपदाची, पण तिच्यावर हरभरा पेरलेला असतो कुणा धरणग्रस्ताने. तलाव लहान असेल तर जिल्हा परिषद, गावतळं असेल तर ग्रामपंचायत. इसापूरला तर वनविभागही पंक्तीला, कारण पलीकडे यवतमाळच्या अंगाला अभयारण्य जाहीर झालेलं आहे आणि अभयारण्यात पाऊल टाकायचं तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने आधी परवानगी. म्हणजे आमचा गळवाला जलसंपदाच्या दगडावर बसतो, धरणग्रस्ताचा हरभरा तुडवून तिथवर गेलेला असतो, संस्थेच्या माशाला आमिष दाखवतो, आणि वारा सुटला तर त्याचा तरंगा शेजारच्या जिल्ह्यात जातो. एवढ्या सगळ्या कार्यालयांची हद्द एका काठीने ओलांडणारा दुसरा गुन्हेगार शोधून सापडायचा नाही. पण एकाही कार्यालयात त्याच्या नावाचा अर्ज नाही.

समजा तो गेलाच अर्ज मागायला. संवाद साधारण असा होईल.

“साहेब, मासे धरायचा परवाना पाहिजे.”

“संस्थेचे सभासद आहात?”

“नाही.”

“मग ठेका घ्यायचाय?”

“नाही साहेब. रविवारी दोन तास बसायचंय. गळ टाकून.”

“किती टन काढणार?”

“झाले तर दोन. टन नव्हे, नग.”

“मग तुमचा प्रवर्ग कोणता?”

इथे अर्जदार गप्प. मराठवाड्यात माणसाला प्रवर्ग विचारला की तो एकतर गप्प होतो किंवा उपोषणाला बसतो. आपल्या व्यवस्थेला टनात मासे काढणारा कळतो, जाळंवाला कळतो, ठेकेदार कळतो. दोन नग धरून घरी जाणारा तिला दिसतच नाही.

हे पूर्वी असं नव्हतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. होड्या, घाट, नद्या सगळं त्याच्याकडे. मच्छीमाराने होडीच्या भाड्यापोटी सहावा हिस्सा द्यावा, असा तिथे स्पष्ट हिशोब आहे. सहा माशांत एक सरकारचा, पाच तुझे, जा घरी. त्याच प्रकरणात माफीची यादीही आहे, नदी उतरण्याच्या भाड्याची. ब्राह्मण, संन्यासी, लहान मूल, म्हातारा, आजारी, राजाचा निरोप्या आणि गर्भवती बाई यांना फुकट पलीकडे न्यावं, मात्र नावाध्यक्षाची मुद्रा घेऊन. म्हणजे माफी होती, पण तीसुद्धा शिक्का मारून. एसटीच्या अर्ध्या तिकिटासाठी आधार कार्ड पुढे करणाऱ्या आजोबांनी हे वाचावं. आपण फार जुन्या रांगेत उभे आहोत.

त्याहून आपल्या जवळचा माणूस म्हणजे राजा सोमेश्वर तिसरा. कल्याणीचा चालुक्य. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, तिथून हा आपला सगळा मुलूख चालायचा. या राजाने बाराव्या शतकात, 1129 च्या सुमारास, मानसोल्लास नावाचा जाडजूड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्य कसं करावं, हत्ती कसे ओळखावेत, जेवण काय करावं, सगळं त्यात. आणि राजाने करमणूक कशी करावी याच्या प्रकरणांत एक आहे मत्स्यविनोद. गळाने मासे धरण्याचा खेळ. कुठला मासा कुठल्या पाण्यात राहतो, कुणाला कसलं आमिष आवडतं, दोरा कसा, काठी कशी, गळ कसा, याचं राजाने तपशीलवार वर्णन केलेलं आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने 1951 मध्ये या प्रकरणावर एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला, तेव्हा जगाला कळलं की गळाची हौस ही काही साहेबाने आणलेली चीज नाही.

साहेबही इथे होताच म्हणा. हिंगोलीला निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, तिचे अधिकारी गोरे. 1873 मध्ये मद्रासकडच्या हेन्री थॉमस नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने हिंदुस्थानात गळ कसा टाकावा यावर अख्खं पुस्तक काढलं. मंगळूरला अधिकारी होता, दौऱ्यावर जायचा, काठी बरोबर. आजही दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांना माशांत रस असतो, फक्त काठी दुसऱ्याची असते.

तर असा आमचा राजेशाही छंद. राजाने लिहिला, साहेबाने मिरवला आणि लोकशाहीने वाऱ्यावर सोडला.

कायदे झाले नाहीत असं नाही. 1897 मध्ये इंग्रज सरकारने मासेमारीचा कायदा केला. पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारले तर दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड. त्या काळी दोनशे रुपये म्हणजे घर गहाण पडायची गोष्ट होती. आज दोनशे रुपयांत चांगली मरळ किलोभरही येत नाही. तेव्हा हिंगोली निजामाच्या राज्यात, त्यामुळे इंग्रजांचा तो कायदा इथल्या माशांना लागूच नव्हता. ते हैदराबादच्या भरवशावर होते. पुढे महाराष्ट्र झाला, 1960 चा राज्याचा मत्स्यव्यवसाय कायदा आला. समुद्रासाठी 1981 चा वेगळा. दरवर्षी 1 जून ते 31 जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद, त्याची बातमी टीव्हीवर येते, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या दिसतात. आणि त्याच दिवसांत इकडे पहिल्या पुराचं पाणी ओढ्याला आलं की पोटात अंडी घेऊन चढाला लागलेल्या माशांना अख्खं गाव काठ्या, टोपल्या, मच्छरदाण्या घेऊन सामोरं जातं. मच्छरदाणी सरकारने मलेरियासाठी वाटलेली असते. एका मादीच्या पोटात लाखाच्या घरात अंडी असतात. तिचं कालवण एका वेळचं होतं. त्यावर कुणी बोलत नाही, कारण तो प्रत्येकाच्या लहानपणीच्या आठवणींचा भाग आहे, आणि आठवणींवर आपण गुन्हा दाखल करत नाही.

आता सोसायटीची बाजू. ती ऐकलीच पाहिजे, कारण गळवाला गमतीला येतो, भोई पोटाला येतो. संस्था ठेक्याची रक्कम भरते. मग मत्स्यबीज विकत आणते. आधी जिरे, मग बीज, मग बोटाएवढी झाली की बोटुकली, अशी माशाची इयत्ता असते. कटला, रोहू, मृगळाची बोटुकली पाण्यात सोडायची, बगळ्यांपासून, पाणकावळ्यांपासून, चोरांपासून राखायची, पाऊस पडेल अशी आशा धरायची. मराठवाड्यात ही शेवटची गुंतवणूक सगळ्यांत मोठी. तळं आटलं की मासा गेला, ठेक्याचा आकडा राहिला. असा वाढवलेला दोन किलोचा कटला रविवारी कुणीतरी कणकेच्या गोळीवर उचलून, त्याच्याबरोबर फोटो काढून, स्टेटसला ठेवून घेऊन जातो. राखणदार ओरडला तर म्हणतो, “धरण काय तुमच्या बापाचं आहे का?” नसतं. पण बोटुकली त्याच्या बापाने आणलेली असते.

दुसरी बाजूही आहे. काही ठिकाणी संस्था कागदावर भोई-कहारांची आणि पाण्यात व्यापाऱ्याची असते, हे काठावर उघड बोललं जातं. सभासद मजुरीवर, नफा शहरात. अशा ठिकाणी गळवाल्याला हाकलणारा माणूस मच्छीमार नसतोच, तो पगारी दांडगा असतो. आणि रात्री बारीक आसाचं जाळं लावून बोटभर बोटुकलीसुद्धा उपसून नेणाऱ्याला तो ओरडत नाही. त्याचं भांडण फक्त काठीशी, कारण काठीवाला एकटा असतो.

आता येतो मुद्दा माफीचा. नियम नाही तिथे माफी कुणाला, असं तुम्हाला वाटेल. उलट आहे. नियम नाही तिथेच माफीची यादी सगळ्यांत पक्की असते, फक्त ती लिहिलेली नसते. साहेब आले की माफ. साहेबांचे पाहुणे माफ. निवडणुकीच्या वर्षी कार्यकर्ते माफ. कुठल्याशा विश्रामगृहातून तळणीचा वास येतो तेव्हा पावती कुणाच्या नावे फाटली हे कुणी विचारत नाही. आणि भोईवाड्यातलं बारा वर्षांचं पोर दोन चिलापी घेऊन निघालं की त्याची काठी मोडली जाते. त्याचा मासा नाल्यात फेकला जातो. त्याला न्यू जर्सीत परवाना लागला नसता. इंग्लंडातही नाही.

त्या न्यू जर्सीच्या नियमांत एक कलम मला फार आवडलं. शेतकरी आपल्या शेतावर राहत असेल, तर त्याला आणि त्याच्या घरच्यांना त्या शेतातल्या पाण्यात मासे धरायला परवाना नको. साधी गोष्ट आहे. जमीन त्याची, तळं त्याचं. आपल्याकडे मागेल त्याला शेततळं देताना हे आपोआप आलं, शेततळ्यात कुणी पावती मागत नाही. पण येलदरी आणि सिद्धेश्वर ही पूर्णेवरची धरणं साठीच्या दशकात बांधली, तेव्हा ज्यांची शेतं तळाला गेली, त्यांचं काय? त्यांच्या नातवाने काठावर उभं राहून, आजोबांची विहीर कुठे होती ते बोटाने दाखवून, बरोबर त्या जागी गळ टाकला तर तो चोर. आणि परभणीहून वातानुकूलित गाडीत आलेला पाहुणा, त्याची ओळख असेल तर, निसर्गप्रेमी. माफी द्यायचीच तर पहिलं नाव धरणग्रस्ताचं असलं पाहिजे. नंतर सोळाच्या आतली पोरं आणि साठीच्या पुढचे. बाकीच्यांनी पैसे मोजावेत, मीही त्यांत आलो.

सरकारला हे सुचत नाही असं म्हणवत नाही. केंद्राची मत्स्यसंपदा योजना 2020 साली आली, तिच्यात शोभेचे मासे आणि करमणुकीची मासेमारी यांच्यासाठीही जागा आहे. राज्याच्या मंत्रिमंडळाने 2025 च्या एप्रिलमध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. चांगलं झालं. आता मच्छीमारालाही शेतकऱ्याप्रमाणे वीजदराची, कर्जाची सवलत मिळेल, आणि पुढेमागे कर्जमाफीच्या यादीत आपलं नाव शोधत बसण्याचा हक्कही. लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून आहेच. ठरलेल्या दिवसांत दाखला मिळाला नाही तर अपील करता येतं. प्रश्न एवढाच की जो दाखला मुळात छापलेलाच नाही, त्याच्या उशिराबद्दल अपील कुठे करायचं?

देशात हे जमतं. हिमाचलात ट्राउटसाठी दिवसाचा परवाना मिळतो, काश्मीरात नदीचे पट्टे पाडून गळवाल्यांना वाटून देतात. तिथले ट्राउट तर मूळचे विलायतेचे, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अंडी आणून वाढवलेले. परक्या माशाच्या मागे एवढी शिस्त आहे. मुंबईत पवई तलावावर गळवाल्यांची संघटना आहे, महाराष्ट्र राज्य नावात घेऊन. तलावात मगरी आहेत, तरी सभासद आहेत. आमच्या सिद्धेश्वरला राज्य पातळीवरची संघटना नको. काठावर एक टपरी, टपरीत एक पावतीपुस्तक आणि पुस्तकाला दोरीने बांधलेला बॉलपेन पुरे.

पावती वीस रुपयांची. एका काठीची, एका दिवसाची. पैसे ट्रेझरीत चलनाने भरायचे नाहीत. चलन म्हटलं की माणूस मासे विकत घेऊन खातो. पैसे घ्यावेत काठावरच्या मच्छीमार संस्थेने, आणि त्यातून तिने बोटुकली आणावी. दोन किंवा तीन नगांची मर्यादा असावी, वीत-दीड वीत भरत नसलेला मासा परत सोडावा, पहिल्या पुराचे दोन महिने सगळ्यांनीच काठी माळ्यावर ठेवावी. पाटीवर संस्थेचं नाव, ठेक्याची मुदत आणि सभासदांची यादी मराठीत लावावी. म्हणजे व्यापाऱ्याची संस्था कोणती आणि भोयांची कोणती, हे वीस रुपयांत अख्ख्या जिल्ह्याला कळेल. मला शंका आहे की पावती सुरू न होण्याचं खरं कारण ती यादी लावावी लागेल, हेच असणार.

काही जण म्हणतील, आजवर फुकट होतं ते सुखाचं होतं, आता यातही पावती कशाला? फुकट कधीच नव्हतं. कुणी बिडीबंडल देऊन बसतो, कुणी धरलेल्या दोनांतला एक राखणदाराला देऊन. कौटिल्याने सहात एक मागितला होता. हिंगोलीचा चालू दर दोनात एक आहे. वर पावती नाही.

मत्स्यव्यवसाय खात्याने पावसाळ्यानंतर निदान सिद्धेश्वरला तरी हे करून बघावं. तोवर गळवाल्यांना एवढंच सांगणं आहे. काठाला गेलात की आधी सोसायटीच्या माणसाला विचारा. नाही म्हणाला तर वाद घालू नका, परत फिरा. हरभऱ्यातून जाऊ नका. तुटलेला तंगूस तिथेच टाकून येऊ नका, त्यात पाणपक्ष्यांचे पाय अडकतात. सांडव्याखाली आणि दरवाजांच्या समोर बसू नका, तिथे पाणी सुटल्यावर पळायला वेळ मिळत नाही. आणि हो, कयाधूवर जायचं असेल तर दिवाळीच्या आत जा. नंतर तिथे परवाना असला काय नि नसला काय, पाणीच नसतं.